भट्टीत न गेलेले तीन आकाशपाळणे

जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मला ‘कारखान्यातली बाई’ या विषयावर लिहायला सांगितलं होतं. बाई म्हणून कारखान्यात काय काय सोसलं ते लिहा, वाचकांना आवडेल, असं त्यांचं म्हणणं. पण खरं सांगायचं तर सोसलं फारसं नाही. पहिल्या वर्षी आमच्या विभागात माझ्यासाठी स्वच्छतागृह नव्हतं, आणि निवृत्तीच्या दिवशी मला बाकीच्यांसारखं सफारीचं कापड भेट दिलं. आमच्या ह्यांनी त्याचे दोन सफारी शिवून घेतले. या दोन गोष्टींवर लेख होत नाही. म्हणून दुसरंच लिहिते आहे. ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं आणि बरेच दिवस टाळतही होते.

माझं काम वेल्डिंग तपासण्याचं. दोन लोखंडी तुकडे वितळवून एकमेकांना जोडले, की तो जोड पक्का झाला की नाही ते बघायचं आणि सही करायची. एका सरकारी कारखान्यात अठ्ठावीस वर्षं हे केलं. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून रिछाईतल्या एका खासगी वर्कशॉपमध्ये गुणवत्ता बघायला लागले. चेरीतालहून रोज सकाळी स्कूटीने जायची. तिथे गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येत. एक बाबा नर्मदेच्या ग्वारीघाटावरून आपला त्रिशूळ घेऊन आले होते. त्याचा एक्सरे करा, म्हणाले. वीज पडली तर तुटेल का ते त्यांना कळायला हवं होतं. एका हलवायाने कढईचा तळ तपासून घेतला आणि जन्मभराचं सर्टिफिकेट मागितलं. जन्मभर म्हणजे कोणाच्या, असं मी विचारलं, तर म्हणाला, “कढ़ाई के, मैडम जी, मेरा क्या भरोसा।”

पुढचं कळावं म्हणून दोन गोष्टी आधी सांगते. सोप्या आहेत.

ज्यांनी घरी ब्लाउज शिवला आहे त्यांना माहीत असतं की अस्तराचं कापड आधी भिजवून वाळवून घ्यावं लागतं. न भिजवता शिवलं, तर पहिल्या धुण्यात अस्तर आकसतं आणि वरचं कापड ओढलं जातं. वेल्डिंगचं तसंच असतं. दोन थंड लोखंडांच्या मध्ये वितळलेलं लोखंड ओतलं जातं. ते निवताना आकसतं, पण दोन्ही बाजूंनी शिवल्यासारखं धरलेलं असतं, त्यामुळे त्याला पुरतं आकसता येत नाही. कापडाला चुण्या तरी पडतात. लोखंडाला बाहेरून काही दिसत नाही. ती ओढ आतच राहते. वर काडीचं वजन नसलं तरी तो जोड आतून ताणलेला असतो. ही ओढ घालवायची, तर अख्खा भाग भट्टीत ठेवून हळूहळू तापवायचा, लालसर होईपर्यंत, आणि तसाच हळूहळू निवू द्यायचा. मग लोखंड सैलावतं.

दुसरी गोष्ट थकव्याची. केसांचा आकडा एकदा वाकवला तर तुटत नाही. मागेपुढे वाकवत राहिलं की तुटतो. आकड्याला दहा-वीस वेळा पुरतात, जाड लोखंडाला लाखो वेळा लागतात, आणि थोड्याशाच वाकण्यानेही ते होतं. जोडाच्या कडेला, जिथे वेल्ड संपतं आणि साधी पट्टी सुरू होते, तिथे केसाएवढी चीर पडते. रोज थोडी पुढे सरकते. आत आधीच ओढ असली, तर तिचं काम सोपं होतं.

आता गोष्ट.

आमच्या वर्कशॉपला पाच आकाशपाळण्यांचं काम मिळालं. आपल्याकडे मेळ्यांमध्ये असतात तेच. मधे एक जाडजूड चाक, त्याला बारा लांब हात, प्रत्येक हाताच्या टोकाला बसायचा डबा. प्रत्येक हाताच्या मुळाशी एक जाड पट्टी वेल्ड केलेली, ती बोल्टने मधल्या चाकाला आवळायची. गाव बदललं की बोल्ट काढून सगळं ट्रकवर चढवता येतं. पाळणा फिरताना प्रत्येक हात एकदा खाली येतो तेव्हा त्याचा जोड ओढला जातो, वर जातो तेव्हा दाबला जातो, आणि आडवा असताना वाकतो. प्रत्येक फेरीत हेच होतं.

या मुळाच्या जोडांचं सगळं काम हल्केभाईंनी केलं. हल्के हे आमच्या बाजूचं नाव आहे, हलका या अर्थाचं. माणूस मात्र चांगला भारदस्त, पन्नाशी उलटलेला. त्यांच्या हातासारखा हात मी सरकारी कारखान्यातसुद्धा दोन-तीनच पाहिले. त्यांचं वेल्ड एकावर एक नाणी रचून आडवी केल्यासारखं दिसे. कामाच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक जोडाशेजारी वेल्डरचा नंबर ठोकतात. त्यांचा नंबर सतरा. लोखंडावर त्यांचा नंबर आणि कागदावर माझी सही.

पहिल्या दोन पाळण्यांचे हात ड्रॉइंगमध्ये लिहिल्याप्रमाणे भट्टीत गेले. भट्टी शेजारच्या एका कारखान्याची होती. तिसऱ्याच्या वेळी तिच्या आतलं अस्तर ढासळलं आणि ती महिनाभर बंद पडली. इकडे मेळ्याची तारीख तोंडावर. आमचे मालक, त्यांना सगळे भैयाजी म्हणत, माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, घायकुतीला आला होता. भट्टीशिवाय चालेल का, एवढंच त्यांनी विचारलं. सरकारी कारखान्यातला तुमचा इतका अनुभव आहे, तुम्ही म्हणाल ते आम्हाला प्रमाण, असंही म्हणाले.

मी हाताने पुसून जोड पाहिले. यंत्राने आत पाहिलं. एक भोक नाही, एक खोट नाही. सरकारी कारखान्यात आम्ही सरसकट सगळंच भट्टीत घालायचो आणि त्यातलं निम्मं उगाचच घातलं जातं असं मला नेहमी वाटे. आपल्याला नियमाच्या पलीकडचं कळतं, असाही एक ताठा वयाबरोबर येतो. मी कागदावर लिहिलं, ‘भट्टीशिवाय मान्य’, आणि सही केली. तिसऱ्यावर केली, मग चौथ्यावर, मग पाचव्यावर.

तिसऱ्याचे हात ट्रकवर चढत असताना हल्केभाई हात पुसत माझ्याकडे आले होते. ‘ये’ला ते ‘जे’ म्हणत. “मैडम, जे भट्टी में नहीं जाएगा? खिंचाव रह जाएगा इसमें।” मी हसून म्हटलं की तुमचं वेल्ड इतकं चांगलं आहे की त्याला भट्टी नको. त्यांना बरं वाटलं असेल असं मला वाटलं. ते परत ट्रककडे गेले.

वर्षभराने मंडल्याच्या बाजूच्या एका गावातून फोन आला. तिसऱ्या पाळण्याचा एक हात मुळाशी तुटला होता. पूर्ण तुटून पडला नाही. अर्धा फाटला आणि डबा तिरका होऊन लटकला. त्यात एक नवरा-बायको होते. पाळणा चालवणाऱ्याने लगेच यंत्र बंद केलं, हाताने चाक फिरवून तो डबा खाली आणला आणि त्याला खालून खांदा देऊन उभा राहिला. नवरा-बायको उतरले, बाईला थोडं खरचटलं होतं. ते उतरताच हात आणखी फाटला आणि डबा त्या माणसाच्या उजव्या खांद्यावर बसला. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं आणि खांदा निखळला. त्याचं नाव गोविंद.

मी आणि भैयाजी दुसऱ्या दिवशी तिथे पोचलो. गोविंदला जबलपूरच्या हॉस्पिटलमध्ये हलवलं होतं. मी तुटलेला भाग कापून घेतला आणि कापडी पिशवीत घालून आणला. भैयाजींनी वाटेत तीनदा विचारलं, कोणाचा नंबर होता? मी सांगितलं, सतरा.

दोन दिवसांत हल्केभाईंना घरी बसायला सांगितलं गेलं. जिल्हा कार्यालयातून कंपनीकडे तांत्रिक अहवाल मागितला होता आणि तो लिहायचा होता मी. भैयाजी म्हणाले, साधी गोष्ट आहे, वेल्डिंग कमी पडलं, वेल्डरला काढलं, आता जास्त काळजी घेतो, एवढं लिहा. ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कागदावर काय लिहिलं आहे ते त्यांनाही आठवत होतं. मला ते वाचवत होते, आणि माझ्याआड स्वतःलाही.

तुटलेलं तोंड मी भिंगाखाली आधीच पाहिलं होतं. चीर वेल्डमध्ये नव्हतीच. वेल्डच्या कडेला, पट्टीत होती. शिवाय तिथे जो आधाराचा त्रिकोणी तुकडा लावला होता, तो ड्रॉइंगमध्येच एकदम टोकदार संपवलेला होता, म्हणजे सगळा भार तिथे एका जागी गोळा होत होता. ती चूक ड्रॉइंगची. आणि आतली ओढ तशीच राहू दिली ती मी. हल्केभाईंचं वेल्ड त्या फाटलेल्या तुकड्यावरही अख्खं शाबूत होतं.

हे सगळं मला पहिल्या दिवशी कळलं होतं, आणि तरी मी चार दिवस अहवाल लिहिला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी चहा घेताना ह्यांनी विचारलं, “तू काहून इतकी गप्प बसून राहिली? चार दिवस झाले, पेपरसुद्धा उघडून नाही राहिली.” आमचे हे रेल्वेत होते, हिशेबाचं सोडून दुसऱ्या कामात डोकं घालत नसत. मी सगळं सांगितलं. मुलगी बाजूच्या खोलीतून ऐकत होती. तिला मराठी समजतं, बोलते मात्र हिंदीत, ती म्हणाली, “मम्मा, आप रिटायर्ड हो, छोड़ दो ना ये नौकरी।” ह्यांनी तिला थांबवलं आणि मला म्हणाले, “सोडायची तर सोड. पण त्या माणसाचं काय? आणि उरलेले दोन पाळणे कुठे आहेत?”

मी हातातला कप खाली ठेवला. चार दिवस मी अहवालाचा विचार करत होते, माझ्या नावाचा विचार करत होते. चौथा आणि पाचवा पाळणा कुठेतरी फिरत होते आणि त्यांचं मला सुचलंच नव्हतं.

मी भैयाजींना फोन केला आणि ते दोन्ही पाळणे आजच थांबवायला सांगितलं. ते घाबरले, पण नाही म्हणाले नाहीत. दोन्ही मालकांना त्यांनी फोन लावले. चौथ्याच्या मालकाने सांगितलं की त्याचा पाळणा सिहोऱ्याजवळ सुटा करून ठेवला आहे, येऊन बघा. पाचव्याचा फोन लागला नाही. मला उंचावर चढता येत नाही, आणि जोड उघडून, घासून, साफ करायला जाणता हात हवा होता. मी हल्केभाईंच्या घरी गेले. रिछाईच्या मागच्या वस्तीत त्यांचं घर होतं. त्यांच्या बायकोने सांगितलं, ते ग्वारीघाटावर गेले आहेत, मेव्हण्याच्या पूजेच्या सामानाच्या दुकानात बसतात आता. वेल्डिंगचा टॉर्च पुन्हा हातात धरणार नाही म्हणतात.

घाटावर ते नारळ रचत बसले होते. मला पाहून उठले, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. मी म्हटलं, चहा नंतर. पिशवीतून तुकडा काढून त्यांच्यासमोर, झेंडूच्या टोपलीशेजारी ठेवला. त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, मला सगळं ठाऊक आहे, मॅडम, वर्षभरापासून डाव्या डोळ्याने जरा धूसर दिसतं, कोणाला सांगितलं नव्हतं. तेव्हाच कुठेतरी हात हलला असणार. रोज सकाळी उठल्यावर ते साठही जोड मनात पुन्हा करून बघत, कोणत्या जोडावर हात हलला ते आठवायला. आठवत नव्हतं, पण हलला असणारच, एवढी त्यांची खात्री झाली होती.

मी त्यांच्या हातात भिंग दिलं. डिसेंबरचे दिवस, नर्मदेचं पाणी उतरलेलं, घाटाच्या पायऱ्यांवर प्रत्येक उताराच्या मळकट रेघा राहिल्या होत्या. मी त्यांना त्या दाखवल्या आणि म्हटलं, आता तुकडा बघा. तुटलेल्या तोंडावर तशाच रेघा होत्या, एका बिंदूभोवती, एकीपेक्षा दुसरी मोठी. चीर थांबत थांबत पुढे सरकली की अशा रेघा राहतात. त्या कुठून सुरू होतात ते शोधा, म्हटलं.

त्यांनी बराच वेळ शोधलं. उजव्या डोळ्याने पाहिलं, तुकडा उन्हात धरला, बोटाने चाचपला. मग बोट एका जागी थांबलं. ती जागा वेल्डच्या बाहेर होती.

“जे तो मेरे टाँके में नहीं है।”

मी म्हटलं, नाही. तुमच्या वेल्डमध्ये काही नाही. यात ओढ राहिली होती, ती मी राहू दिली. तुम्ही मला विचारलंही होतं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. एक नावाडी गिऱ्हाइकाला हाका मारत होता. मग म्हणाले, “पूछा तो था। फिर आपने सही कर दी, तो मैंने सोचा, मुझे क्या मालूम।”

आजवर मला रागावून बरेच लोक बोलले आहेत. त्यातलं कुठलंही हे एक वाक्य जितकं लागलं तितकं लागलं नाही. मी त्यांची माफी मागितली. ते संकोचले, दोन्ही हात हलवून नको नको म्हणाले आणि पुन्हा चहा सांगू लागले. मग उरलेल्या दोन पाळण्यांचं सांगितलं तेव्हा चहा तसाच टाकून उठले. मेव्हण्याला म्हणाले, दुकान बघ.

सिहोऱ्याचा पाळणा त्याच दिवशी दुपारी पाहिला. चीर शोधायची आमची रीत साधी आहे. जोड घासून लख्ख करायचा, त्यावर लाल रंगाचं पातळ द्रव फवारायचं, पाव तास थांबायचं, पुसून टाकायचं. मग वरून पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यातून वर येतो. बारा हातांपैकी दोन हातांवर रेघ आली. मालक शेतातला माणूस होता. त्याने रेघ पाहिली, ते हात वेगळे काढून बाजूला ठेवले आणि आम्हाला जेवायला बसवलं.

पाचवा पाळणा पाटणजवळच्या एका गावी मेळ्यात लागला आहे, असं त्यानेच चौकशी करून रात्री उशिरा फोनवर कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आम्ही तिथे होतो. मेळा दुपारी उघडायचा होता. पाळणा उभा होता, डबे पुसणं चाललं होतं. त्याची मालकीण एक विधवा बाई, सगळा मेळा तिला जिज्जी म्हणायचा, म्हणजे मोठी बहीण. कपाळाला रुमाल बांधून ती स्वतः ग्रीस लावत होती.

तिने आमचं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. मेळ्याचे तीनच दिवस उरले आहेत, त्यानंतर खुशाल बघा. मी पुन्हा सांगितलं. तिने हात पुसले, तिकिटाच्या खोपटात गेली आणि एक फ्रेम घेऊन आली. देवाच्या फोटोशेजारी ती टांगलेली असे, कडेला कुंकवाचं बोट होतं. आत माझं सर्टिफिकेट होतं.

“इसमें लिखा है सब ठीक है। ये किसकी सही है?”

“मेरी है,” मी म्हटलं. “मैं इसे वापस लेने आई हूँ।”

तिने फ्रेम माझ्यापासून मागे घेतली. मग हल्केभाई मध्ये बोलले, पण माझ्यासाठी नाही. त्यांनी तिला जोडाशेजारचा सतरा नंबर दाखवला, म्हणाले, हा माझा आहे, हे माझ्या हाताचं काम आहे, मला फक्त माझं काम बघू द्या. बारा नाही, तीन हात बघतो. त्यात काही नसलं तर आम्ही जातो. हे तिला पटलं. हाताने काम करणाऱ्याचं बोलणं तिला माझ्या कागदापेक्षा जवळचं वाटलं असावं.

हल्केभाई शिडीवर चढले. मी खाली उभी राहून फवारायचे डबे पुरवत होते. पहिल्या हातावर काही आलं नाही. दुसऱ्यावरही नाही. जिज्जी हाताची घडी घालून उभी होती. तिसऱ्यावर पांढरी पावडर वाळत असताना आधी एक ठिपका आला, मग त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता बोटभर लांब लाल रेघ सरळ उभी राहिली. हल्केभाई शिडीवरून खाली उतरले आणि बाजूला झाले. जिज्जी वर चढली. तिने रेघेवर बोट ठेवलं, बोटाला लागलेला लाल रंग पाहिला.

खाली आल्यावर तिने एवढंच विचारलं, “कल भी थी?”

मी म्हटलं, काल होती, परवाही होती, कदाचित महिनाभर असेल.

काल संध्याकाळी तिची नात त्याच पाळण्यात बसली होती, हे तिने नंतर सांगितलं. त्या वेळी ती तडक निघाली. जाऊन जनरेटरची तार काढली. मग खोपटातला माइक घेतला आणि मेळ्यात सांगितलं की झूला आजपासून बंद आहे, बिघाड आहे, कोणी तिकीट काढू नका. फ्रेममधला कागद काढून तिने माझ्या हातात दिला. फ्रेम मात्र ठेवून घेतली.

तिथून आल्यावर मी अहवाल लिहिला. चार पानं झाली. चीर कुठून निघाली, आधाराचा तुकडा टोकदार कसा होता, भट्टी का टाळली, कोणी विचारलं होतं आणि कोणी सही केली, सगळं लिहिलं. अहवालाआधी आम्ही जाऊन पहिल्या दोन पाळण्यांचे हातही तपासले होते, तोच टोकदार तुकडा असून त्यांच्यावर एकही रेघ नव्हती, हेही लिहिलं. भैयाजींनी तो वाचला, बराच वेळ टेबलावर ठेवला आणि मग तसाच पाठवला. त्यासाठी मी त्यांना मानते. कंपनीवर कारवाई झाली, माझं काम सुटलं, आणि ते बरोबरच होतं. आधाराच्या तुकड्याचा आकार बदलला, तिन्ही पाळण्यांचे छत्तीसही हात पुन्हा केले गेले आणि या वेळी भट्टीत गेले. ते काम हल्केभाईंनीच केलं. आधी डोळ्याचं ऑपरेशन करून आले. भैयाजींनी बोलावलं तेव्हा त्यांनी एक अट घातली होती: भट्टीच्या नोंदीवर वेल्डरचीही सही असेल. आता तिथे असते.

एक माणूस राहिला होता. गोविंद. त्याला भेटायला जायचं मी पुढे पुढे ढकलत होते. हॉस्पिटलमधून तो घरी गेला होता, त्याच मंडल्याच्या बाजूच्या गावी. शेवटी होळीच्या आधी एक दिवस बस पकडून गेले. अंगणात खाटेवर बसला होता. उजवा हात छातीशी धरलेला, खांद्यातून वर उचलता येत नव्हता. बायको चुलीशी होती. मी कोण ते सांगितलं. त्याने बसायला सांगितलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला की त्या दिवशी गर्दी फार होती, मुलं ओरडत होती, आणखी जोरात, आणखी जोरात. त्याने थोडा वेग वाढवला होता. पोलिसांना हे सांगितलं नव्हतं, पण तुम्ही कंपनीतून आल्या आहात म्हणून सांगतो. वेग वाढवला नसता तर पाळण्याचा हात तुटला नसता. तीन महिने तो हेच घेऊन बसला होता.

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. चीर आधीच महिनोन्‌महिने चालत होती. त्या दिवशी नाही तर चार दिवसांनी, हळू फिरवलं असतं तरी, तो हात तुटलाच असता. उलट तू यंत्र लगेच थांबवलंस आणि खांदा दिलास म्हणून ते दोघं जिवंत उतरले. वेग वाढवल्याने काही झालं नाही. झालं ते माझ्या सहीने झालं.

माझी सही, भट्टी, ओढ, यातलं त्याने किती ऐकलं मला माहीत नाही. वेगाचं वाक्य मात्र त्याने पुन्हा म्हणायला लावलं. वेग वाढवल्याने नाही? मी म्हटलं, नाही. मग तो चुलीकडे वळला आणि बायकोला हाक मारून म्हणाला, “सुन रही हो? मैडम कह रही हैं, मेरी गलती नहीं थी।”

ती उठून आली. पदराने डोळे पुसले, धुरामुळे की कशामुळे कोण जाणे. मग मला म्हणाली, एकदा माझ्यासमोर पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं.